विटाळ तुमचा, सुई आमची

विटाळ वेगळा आणि संसर्ग वेगळा. एवढीशी गोष्ट या देशातल्या शिकल्यासवरल्या डोक्यांत अजून शिरलेली नाही, आणि हीच डोकी हॉस्पिटलांच्या भिंतींवर हात कसे धुवावेत याची चित्रं चिकटवत फिरतायत.

मी गोदीत माल उतरवतो. शिक्षण मॅट्रिक. तुला डॉक्टरकीतलं काय कळतं, असं कुणी विचारायच्या आत सांगतो : माझी माय एका मोठ्या हॉस्पिटलात ठेक्यावर सफाईला आहे. अकरा वर्षं झाली. नाव सांगत नाही हॉस्पिटलचं, उद्या तिची हजेरी बंद होईल. तिच्या अंगठ्यात सुई गेली त्या दिवसापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत सुटलो. मला जे कळलं ते असं आहे, आणि ते ज्यांना झोंबेल त्यांना झोंबावं म्हणूनच लिहितोय.

२०२० साल आठवा. करोना आला आणि आठवड्याभरात व्हॉट्सॲपवर पोथ्या उघडल्या. बघा आमचे पूर्वज किती शहाणे! लांबून नमस्कार करायचे. सोवळं पाळायचे. बाहेरून आलं की आंघोळ, परक्याच्या हातचं पाणी नाही, सावलीसुद्धा नाही. हे सगळं शास्त्रच होतं, जगाला आत्ता पटतंय! म्हणजे आमच्या खापरपणज्याच्या गळ्यातलं मडकं हा मास्क होता आणि कमरेचा खराटा हे निर्जंतुकीकरण होतं, एवढंच म्हणायचं बाकी ठेवलं भल्या माणसांनी.

यांना विचारा, तुमचा विटाळ साबणाने जातो का? जात नाही. जंतू जातो. विटाळ माणसाच्या जन्माला चिकटतो आणि मढ्याबरोबर जळतो. जंतू आज अंगावर आहे, उद्या नाही. विटाळ खालून वर चढतो, कायम आमच्याकडून तुमच्याकडे. उलटा कधी उतरल्याचं कुणी ऐकलंय? जंतूला वर-खाली कळत नाही. तो सर्जनच्या हातावरून भंग्याच्या पोरावर जातो आणि भंग्याच्या पोरावरून सर्जनवर. विटाळात घाण उचलणारा घाणेरडा ठरतो. संसर्गाच्या शास्त्रात घाण उचलणाऱ्याला सगळ्यांत आधी वाचवायचं असतं, कारण सगळ्यांत मोठा धोका त्याला.

विटाळवाल्यांची स्वच्छता कशी असते ते महाडने बघितलंय. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. गुरंढोरं त्या तळ्यावर पाणी पीत होती तेव्हा तळं चांगलं होतं. माणसं प्याली आणि बाटलं. मग शुद्धी काय केली? एकशे आठ घागरी पाणी काढून त्यांत शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून मंत्र म्हणत पुन्हा तळ्यात ओतलं. पिण्याच्या पाण्यात शेण! आणि त्यांचेच नातू आम्हाला सांगणार की सोवळं म्हणजे आरोग्यशास्त्र.

आता युरोपातली एक गोष्ट ऐका, कारण हात धुण्याची सगळी कथा तिथूनच चालू होते. व्हिएन्नातलं मोठं सरकारी हॉस्पिटल, साल १८४७. बाळंतिणींचे दोन विभाग. पहिल्यात डॉक्टर आणि डॉक्टरकी शिकणारी पोरं, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात बाया पटापट मरत. सुईणींच्या विभागात त्या मानाने कितीतरी कमी. शहरातल्या गरीब बायांना हे ठाऊक होतं. आम्हाला पहिल्यात टाकू नका म्हणून त्या गुडघे टेकून रडायच्या. इग्नाझ सेमेलवाईस नावाच्या तरुण डॉक्टरला हे कोडं सुटेना. त्याच वर्षी त्याचा एक प्राध्यापक मित्र, कोलेच्का, प्रेत फाडताना विद्यार्थ्याची सुरी बोटाला लागून मेला. त्याच्या शरीरात तेच सापडलं जे मेलेल्या बाळंतिणींत सापडायचं. सेमेलवाईसच्या डोक्यात उजेड पडला. ही पोरं सकाळी मुडदे फाडतात आणि तेच हात घेऊन बाळंतिणीकडे येतात. सुईणी मुडदे फाडत नाहीत. त्याने दारात क्लोरीनच्या चुन्याचं पाणी ठेवलं आणि हात बुडवल्याशिवाय आत यायचं नाही असा नियम केला. एप्रिल १८४७ मध्ये शंभरात अठरा बाया मेल्या होत्या. जूनमध्ये दोन.

मग त्याचा सत्कार झाला असेल? डॉक्टरमंडळींना अपमान वाटला. आमचे हात, सभ्य माणसांचे हात, आणि घाण? दोन वर्षांत त्याची व्हिएन्नातली नोकरी गेली. १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात तो मेला.

मला या गोष्टीत दोन गोष्टी दिसतात. एक, घाण शिकलेल्या हातांवर होती आणि सुईणींचे हात त्यांच्यापेक्षा साफ होते. आपल्याकडेही कित्येक गावांत सुईण महारा-मांगाचीच असायची. नाळ तिने कापायची आणि बारशाला दाराबाहेर तिनेच बसायचं. दुसरी गोष्ट, सगळा शोध लागला तो एका कापलेल्या बोटावरून. हॉस्पिटलात काम करणाऱ्या माणसाला हत्यार टोचलं आणि तो मेला, तिथून. पण ते बोट प्राध्यापकाचं होतं. प्राध्यापकाचं बोट कापलं की शोध लागतो. सफाईवालीचं बोट कापलं की मुकादम म्हणतो, हळद लाव.

हातमोज्याचंही तसंच. १८८९-९० च्या सुमाराला अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात हॉलस्टेड नावाचा सर्जन होता. त्याच्या ऑपरेशन थिएटरात कॅरोलिन हॅम्प्टन ही नर्स होती. जंतू मारायला वापरत त्या पाऱ्याच्या औषधाने तिच्या हातांची सालं निघाली. ती काम सोडायच्या बेताला आली. हॉलस्टेडने गुडइयर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करून घेतले. पुढे तिच्याशी लग्नही केलं. म्हणजे बघा, ऑपरेशनच्या हातमोज्याची सुरुवातच मुळी राबणाऱ्या बाईचा हात वाचवायला झाली. पेशंटला त्याचा फायदा होतो हे नंतर लक्षात आलं. आज तो हातमोजा डॉक्टरच्या खिशात खोक्याने आहे आणि राबणाऱ्या बाईला दिवसाला एक जोड, तोही सकाळी नऊलाच फाटणारा. सालं, आमच्या मावश्यांवर प्रेम करणारा सर्जन कुठून आणायचा?

मावशी म्हणतात त्यांना. वॉर्डात आया, सफाईवाली सगळ्या मावशी. वॉर्डबॉय मामा. मावशी इकडे या, मावशी एवढं पुसून घ्या, मामा बॉडी खाली न्या. नातं देतात, हातमोजा देत नाहीत.

बरं, सरकारी नोकरांचे वर्ग चार. वर्ग एक, दोन, तीन, चार. मनूला बघून पाडले असं मी म्हणत नाही, पण मनू बघता तर त्याला परकं वाटलं नसतं. निदान वर्ग चारला रजा होती, पेन्शन होतं, युनियन होती. आता वर्ग चारच्या जागा भरतच नाहीत आणि काम ठेक्यावर जातं. ठेक्यावरची माणसं कुठल्याच वर्गात येत नाहीत. चार वर्णांच्या बाहेर! ते कोण असायचे हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. ठेक्याच्या हजेरीवर आडनावं वाचा, म्हणजे आरक्षण कुठे शंभर टक्के पाळलं जातं ते कळेल.

मायची गोष्ट थोडक्यात सांगतो. रात्रपाळी. वॉर्डातली पिवळी पिशवी उचलली. पिवळी पिशवी रक्ताळलेला कापूस, गॉज, ड्रेसिंग, शरीराचे तुकडे यांच्यासाठी. लाल पिशवी नळ्या, सलाइनच्या बाटल्यांसाठी. निळ्या डब्यात काच. आणि सुया, ब्लेड कुठे जायचे? पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. हे मायला पाठ आहे, वर्षाला एकदा कुणीतरी येऊन फोटो काढण्यापुरतं शिकवतं. पण त्या पिवळ्या पिशवीत सुई होती. पिशवी मांडीला घासली, तिने खाली हात घातला, सुई अंगठ्यात.

आता विचार करा. माझी माय कुणाला इंजेक्शन देत नाही. रक्त काढत नाही. सलाइन लावत नाही. मग तिच्या हातात सुई आली कुठून? हॉस्पिटलातली प्रत्येक सुई कुणातरी शिकलेल्या हातातून सुटलेली असते. पांढरा डबा चार पावलांवर असतो, ती चार पावलं कुणीतरी चाललेलं नसतं. त्या न चाललेल्या चार पावलांची किंमत माझी माय मोजते.

हे लिहिताना सिस्टर लोकांवर राग काढायचा नाही मला. साठ पेशंटमागे दोन सिस्टर असतील तर त्यांच्या हातूनही सुया भलतीकडे पडणारच. निवासी डॉक्टर पोरंही छत्तीस-छत्तीस तास उभी असतात. त्यांनाही सुया टोचतात. फरक पुढे पडतो. त्याच महिन्यात त्याच वॉर्डात एका डॉक्टर पोराला सुई टोचली. तासाभरात त्याच्या हातात गोळ्या होत्या. पडल्याच पाहिजेत हातात, तो त्याचा हक्क. मायला मुकादम म्हणाला, पाण्याखाली धर, बोंबलू नको, पेशंट घाबरतील. तिने चौथ्या दिवशी घरी सांगितलं.

चौथ्या दिवशी! दोस्तांनो, हे आकडे वहीत लिहून ठेवा. एचआयव्हीचं रक्त असलेली सुई टोचली तर हजारात तीन जणांना लागण होते. हिपॅटायटिस सीची शंभरात सुमारे दोघांना. आणि हिपॅटायटिस बी, आपल्याकडे जिला पांढरी कावीळ म्हणतात, तिची लस घेतलेली नसेल तर शंभरात सहापासून तीस जणांपर्यंत. तिचा विषाणू वाळलेल्या रक्तातसुद्धा सात दिवस जिवंत राहतो. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या जमेल तितक्या लवकर, शक्यतो दोन तासांत चालू करायच्या, अठ्ठावीस दिवस घ्यायच्या. बहात्तर तास उलटले की त्यांचा उपयोग धरत नाहीत. चौथा दिवस म्हणजे ती वेळ गेलेली.

पांढऱ्या कावीळीची लस तीन डोसांची. आज, महिन्याने, सहा महिन्यांनी. मायला दोन मिळाले होते. सहाव्या महिन्याच्या आत ठेका दुसऱ्याकडे गेला. नवा ठेकेदार म्हणतो, जुन्याने काय दिलं मला माहीत नाही. जुना म्हणतो, ती आता माझ्याकडे नाही. एका बाईच्या दंडात तिसरी सुई टोचायला कुणी मालक सापडत नाही. अंगठ्यातल्या सुईला मालक लागला नाही. पहिल्या तपासणीत काही निघालं नाही. पुढच्या तपासणीला रजा लागते, आणि ठेक्यावर रजा म्हणजे खाडा.

कायदा आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत. त्यांत लिहिलंय की कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्या, संरक्षणाची साधनं द्या, कामावर घेताना आणि मग वर्षातून एकदा तरी तपासणी करा. २०१७ चा एचआयव्हीचा कायदा तर म्हणतो की आरोग्य संस्थेत ज्यांना ज्यांना धोका आहे त्या सर्व व्यक्तींना साधनं, शिक्षण आणि सुई टोचल्यावरच्या गोळ्या द्या. सर्व व्यक्ती. कायम आणि ठेका असा भेद तिथे नाही.

पण त्याच २०१६ च्या नियमांत मोठा अपघात कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे. कचऱ्याचा ट्रक उलटला की मोठा अपघात. कचरा नदीनाल्यात सांडला की मोठा अपघात. ताबडतोब कळवा, चोवीस तासांत लेखी द्या. सुई टोचणं? ते मोठ्या अपघातात धरायचं नाही, असं नाव घेऊन लिहिलंय. बाकीच्या किरकोळांबरोबर वर्षाच्या अहवालात त्याचा आकडा टाकायचा. ट्रक उलटला तर चोवीस तास, बाई टोचली तर वर्ष! आणि ज्या टोचण्याची वॉर्डात नोंदच नाही त्याचा आकडा अहवालात येणार कुठून? शून्य लिहितात. शून्य लिहिलं की बक्षीस मिळतं, स्वच्छ हॉस्पिटल म्हणून.

माझ्या धंद्यातलं सांगतो. दर्यावरून जाणाऱ्या धोक्याच्या मालाचे नऊ वर्ग आहेत. स्फोटकं, गॅस, पेटणारा माल, विष. त्यात ६.२ म्हणजे संसर्गजन्य माल. त्याच्यावर तीन चंद्रकोरींचं लेबल असतं. जंतू असलेला रक्ताचा नमुना एका देशातून दुसऱ्या देशात जायचा तर तीन थरांचं पॅकिंग. आत न गळणारी बाटली, बाहेर दुसरं न गळणारं भांडं, मध्ये ओल शोषणारा कापूस, वरून टणक खोका. माल म्हणून रक्त निघालं की त्याची एवढी सरबराई. तेच रक्त चौथ्या मजल्यावरून तळमजल्यावर उतरतं तेव्हा पातळ पिशवीत, लिफ्ट बंद म्हणून जिन्याने, बाईच्या मांडीला घासत. गोदीतही आमची हालत काही राजाची नाही, पण पेटीवरचं लेबल वाचून निदान लांब उभं राहता येतं.

मग कुणी साळसूद म्हणतो, दिले तरी या बाया हातमोजे घालत नाहीत हो, अडाणी आहेत. तुम्ही घाला. एकच माप, बाईच्या हाताला ढगळ, फडका पिळताना निसटणारं, तासाभरात आत घामाचं पाणी. आणि तपासणीचा तो पातळ हातमोजा सुई अडवतच नाही. सफाईच्या कामाला कोपरापर्यंतचा जाड रबरी हातमोजा आणि गमबूट लागतात. ते द्यायचे नाहीत, पातळ द्यायचे आणि फाटले की बाईला अडाणी म्हणायचं. अडाणी कोण ते सुईला विचारा.

खरं म्हणजे या शास्त्राने एक गोष्ट आमच्या बाजूची केली होती. १९८० नंतर एचआयव्ही आला. तेव्हा अमेरिकेतल्या रोगनियंत्रण केंद्राने १९८५ साली नियम घालून दिला, की रक्त कुणाचंही असो, ते बाधित आहे असंच समजून वागा. चेहरा बघू नका, धंदा बघू नका, रिपोर्टची वाट बघू नका. प्रत्येकासाठी तीच खबरदारी. माझ्यासारख्याला हे वाचून उभं राहावंसं वाटलं. बामणाचं रक्त आणि मांगाचं रक्त एकाच नियमात! आणि इथे त्याचं काय केलं? कुठे खाटेवर लाल शाईत रोग लिहिला, कुठे पेशंटला कोपऱ्यात टाकला, त्याच्या खाटेखालचं पुसायला एकाच बाईला पाठवलं. सगळ्यांसाठीच्या नियमातून यांनी पुन्हा वाळीत टाकणंच काढलं. हातात नवं शास्त्र, डोक्यात जुनी पोथी.

२२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता थाळ्या वाजल्या. ३ मे ला हॉस्पिटलांवर हेलिकॉप्टरमधून फुलं पडली. ती फुलं झाडली कुणी हे कुणी विचारलं नाही. पन्नास लाखांचा विमाही जाहीर झाला होता, त्यात सफाई कामगार होते, ठेक्यावरचेही होते. पण तो मेल्यावरचा. मेल्यावर पन्नास लाख आणि जिवंतपणी पन्नास रुपयांचा हातमोजा नाही, हा हिशेब मला गोदीतल्या कुठल्याच कारकुनाने समजावून दिलेला नाही.

आणि आम्हाला सेवा शिकवू नका. सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगात आजारी पोराला पाठीवर घालून यशवंतरावांच्या दवाखान्यात घेऊन आल्या. त्याच प्लेगने १० मार्चला गेल्या. त्यांनी ते स्वतः ठरवलं होतं. ठेक्यावरच्या बाईला धाडलं जातं. तिच्या मरणाला त्याग म्हणणं ही मुकादमाची भाषा आहे.

आता काम. या अंकाच्या वाचकांपैकी कितीजणांच्या घरात मावशी, मामा, मुर्दाघरातला बाप, कचऱ्याच्या गाडीवरचा भाऊ आहे ते मला माहीत आहे. आज रात्री घरी सांगा : सुई टोचली तर दाबून रक्त काढायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, फिनेल-ब्लीचिंग लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि त्याच पायी कॅज्युअल्टीत जायचं. मुकादमाला नंतर सांगायचं. सुई कुठल्या पेशंटची ते कळलं तर लक्षात ठेवायचं. गोळ्या सरकारी हॉस्पिटलात मिळतात, मागायच्या. नाही म्हणाले तर फोन करायचा, आपण दहाजण जाऊ.

आणि वही. हॉस्पिटल नोंद ठेवत नसेल तर नोंद आपण ठेवू. माझ्या मायच्या पाळीतल्या बायांनी चालू केलीय. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, चेंजिंग रूममध्ये नळाच्या वर खिळ्याला दोरीने बांधलेली. लिहिता येत नाही तिच्यासाठी दुसरी लिहिते. रकाने असे आखलेत : तारीख. वेळ. नाव. कुठला वॉर्ड. कुठल्या पिशवीत सुई होती. हातमोजा होता का, कसला. कुणाला सांगितलं. तो काय म्हणाला. गोळी किती तासांनी मिळाली. तिसऱ्या आठवड्यात सात नोंदी झाल्यात. शेवटचा रकाना सातही ओळींत कोरा आहे.